हिवाळ्यात परसातली बदकं कशी सांभाळावीत

पहिल्या हिवाळ्यात मी खुराड्याची एकूण एक फट बुजवली होती. फळ्यांमधल्या भेगांत चिंध्या कोंबल्या, वरच्या झरोक्यावर पोतं ठोकलं आणि आता पोरी उबेत झोपतील म्हणून समाधानाने घरात आलो. चौथ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर डोळे चुरचुरले. छताच्या पत्र्याला आतून थेंब लटकले होते, काड पायाखाली पचपचत होतं, आणि एक बदकी मान पुढे ताणून चोच उघडी ठेवून श्वास घेत होती. बाहेर त्या आठवड्यात फारशी थंडीसुद्धा पडली नव्हती. तिचा जीव घाबरा झाला होता तो मी आत कोंडून ठेवलेल्या ओलीने.

तेव्हापासून हिवाळ्याची सगळी तयारी मी एकाच प्रश्नाभोवती करतो: ओल कुठे साचतेय? थंडीचं बदक स्वतः बघून घेतं.

ते कसं बघतं, हे आधी समजून घ्या, म्हणजे नको तिथे मेहनत जाणार नाही. वरच्या पिसांखाली दाट लव असते आणि लवेत अडकलेली हवा हेच बदकाचं पांघरूण. शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. तिथलं तेल चोचीने अंगभर लावलं की पाणी वरच्या वर घरंगळतं. अंगाचं तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सिअस, पण पाय मात्र थंडगार. पायात उतरणारं गरम रक्त आणि वर परतणारं गार रक्त अगदी चिकटून असलेल्या वाहिन्यांतून वाहतं, त्यामुळे ऊब वाटेतच परतीच्या रक्ताला मिळते आणि अंगात राहते. म्हणून बदक बर्फावर उभं राहतं आणि तरी गारठत नाही. लव ओली झाली, पिसं मळली किंवा तेल लावायला पाणीच मिळालं नाही, की हे पांघरूण फाटलं समजा.

एक अपवाद आधीच सांगतो. मस्कोवी बदक ही मुळात वेगळी प्रजाती आहे, मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागातली. बाकीची बहुतेक पाळीव बदकं मॅलार्ड या रानबदकाची वंशज. मस्कोवीची पिसं पाण्याला तितकी दाद न देणारी नसतात आणि तोंडावरच्या उघड्या लाल गाठींना हिमदंश होऊ शकतो. कडक गोठवणाऱ्या थंडीत तिला जास्त आडोसा लागतो.

खुराडं: वर वारा खेळता, खाली झुळूक नको

कोंबडी रात्री दांड्यावर चढून बसते. बदक जमिनीवर झोपतं, तेही स्वतःच्या विष्ठेशेजारी, आणि त्या विष्ठेत बहुतांश पाणीच असतं. शिवाय रात्रभर श्वासातून वाफ निघते ती वेगळी. ही वाफ बाहेर पडायला वाट हवी आणि ती वाट वर हवी. समोरासमोरच्या दोन भिंतींवर छताच्या अगदी खाली झरोके ठेवा, त्यांना जाळी मारा आणि हिवाळाभर उघडे ठेवा. मोठ्या वादळात वाऱ्याच्या बाजूचा झरोका तेवढा झाका. खालच्या फटी मात्र खुशाल बुजवा, कारण झोपलेल्या बदकाच्या पाठीवर येणारी झुळूक पिसं विस्कटते आणि ऊब पळवते.

खाली झुळूक येते की नाही हे पाहायला मी एक साधी युक्ती करतो. दोऱ्याला एक लवेचं पीस बांधायचं आणि बाहेर वारा सुटलेला असताना ते बदकाच्या पाठीच्या उंचीवर धरून खुराड्यात हळूहळू फिरवायचं. जिथे पीस आडवं होईल तिथे फळी ठोका.

दुसरी परीक्षा नाकाची. सकाळी दार उघडल्या उघडल्या, बदकं बाहेर काढायच्या आधी, आत उकिडवे बसा आणि नाक जमिनीपासून वीतभर उंचीवर न्या. उभ्याने वास घेऊन उपयोग नाही, बदकं खाली राहतात. ओल्या विष्ठेतून अमोनिया हा डोळ्या-नाकाला झोंबणारा वायू सुटतो; त्याचा वास आला तर काड बदलायची वेळ कालच होऊन गेली. कुक्कुटपालनात अमोनियाची २५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) ही मर्यादा धरतात, पण आपल्याकडे मोजायला यंत्र नसतं आणि नाक तर पाच मिनिटांत त्या वासाला सरावतं. म्हणून पहिला श्वास महत्त्वाचा.

एका बदकामागे आत निदान चार चौरस फूट जागा धरा. बर्फामुळे बदकं दिवसाही आतच राहणार असतील तर याहून बरीच जास्त.

आता अंथरूण. लाकडाचा जाडसर भुसा खाली आणि गव्हाचं काड वर, असं मला सगळ्यात बरं वाटतं. भुसा ओल शोषतो. काडी आतून पोकळ असते, तिच्यात हवा धरून राहते, म्हणून वर बसलेल्या बदकाला ऊब मिळते. बारीक करवती भुसा घेऊ नका, त्याची धूळ छातीत जाते. वाळलेलं गवतही टाळा, ते चटकन कुबट होतं. सुरुवातीला १५ सेंटिमीटरचा थर द्या. रोज सकाळी दाताळ्याने हलवून ओले गोळे उचलून टाका आणि वर मूठ-दोन मुठी कोरडं काड पसरा. हा थर हिवाळाभर वाढत जातो, खालून थोडा कुजतो आणि स्वतःची ऊब देतो. पण बदकांच्या बाबतीत हे तंत्र कोंबड्यांइतकं बिनघोर नाही. ओला भाग रोज काढलाच नाही तर दोन आठवड्यांत चिखल. वरचं काड मुठीत घट्ट दाबा आणि सोडा. हाताला ओल लागली तर अजून कोरडं टाका, लगदा झाला तर सगळं काढा.

बुरशी आलेलं काड फुकट मिळालं तरी आणू नका. गठडी सोडताना करडी धूळ उडाली किंवा तळघरासारखा वास आला की ती गठडी खुराड्यात नाही, खतात. ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचे कण बदकांच्या फुप्फुसात आणि वायुकोशांत रुजतात, आणि बदकं या आजाराला लवकर बळी पडतात. एकदा तो जडला की औषधाचा भरवसा फार थोडा. माझी ती बदकी त्या वेळी झरोका उघडल्यावर आणि अंथरूण बदलल्यावर सुधारली, कारण तिचा त्रास अमोनियाचा होता. बुरशीचा असता तर बहुधा वाचली नसती.

उष्णतेचा दिवा लावायचा का, असं प्रत्येक जण विचारतो. मोठ्या, निरोगी, पूर्ण पिसांच्या बदकांना नाही. कोरडं काड, उडणारी धूळ आणि तापलेला बल्ब एकाच लाकडी खोक्यात ठेवणं म्हणजे आगीला आमंत्रण. त्यातून मध्यरात्री वीज गेली तर उबेला सरावलेली बदकं एकदम गारठ्यात सापडतात. दिवा पिल्लांना आणि आजाऱ्याला, तोही घरात, डोळ्यासमोर.

पाणी, म्हणजे खरी डोकेदुखी

हिवाळ्यात माझा निम्मा वेळ पाण्यात जातो. बदकाला कोरडं खाद्य पाण्याशिवाय गिळता येत नाही, घशात अडकतं. शिवाय चोच नाकपुड्यांपर्यंत बुडवून आणि डोळे धुऊन घ्यायला खोली लागते. उथळ ताटलीतलं पाणी पिऊन बदक जगेल, पण चार-आठ दिवसांत नाकपुड्या चोंदतात आणि डोळ्यांभोवती चिकट कडं जमतं. डोकं बुडेल इतकं, म्हणजे १२-१५ सेंटिमीटर पाणी पुरतं. एक बदक दिवसाला अर्धा ते एक लिटर पिऊ शकतं, सांडतं त्याहून जास्त.

गोठणाऱ्या थंडीत जाड रबराचे टब घ्या. प्लॅस्टिक तडकतं, पत्र्याला बर्फ चिकटून बसतो. रबराचा टब उलटा करून तळाला लाथ घातली की बर्फाची वडी अख्खी बाहेर पडते. टब दोन जोड असू द्या: एक बाहेर, एक घरात वितळत. सकाळी, दुपारी आणि मावळतीच्या तासभर आधी अशी अदलाबदल केली की बहुतेक दिवस निभावतात. पाणी कोमट चालेल, गरम नको. पसरट भांड्यापेक्षा खोल आणि तोंडाने लहान भांडं उशिरा गोठतं. काळा टब उन्हात ठेवा. जुन्या टायरच्या पोटात काड ठासून मधोमध टब बसवला तर आणखी थोडा वेळ मिळतो. पाण्यात चेंडू तरंगत सोडायची युक्ती हलक्या दहिवरापुरती ठीक आहे, कडाक्यात चेंडूच गोठून बसतो. विजेवर गरम राहणारी भांडी मिळतात. घेतलीत तर वायर बदकांच्या चोचीच्या आवाक्याबाहेर ठेवा आणि झटका बसण्याआधी वीज तोडणारा स्विच त्या जोडणीवर असलाच पाहिजे.

पाणी गोठू नये म्हणून त्यात मीठ घालू नका. बदकांना मिठाची विषबाधा होते. गाडीचं कूलंट तर आसपासही नको, ते जहर आहे.

टबाभोवती चिखल होणारच. खोलगट खड्ड्यात वाटाण्याएवढी खडी भरा, वर लाकडी चौकटीवर जाळी ठोका आणि टब त्यावर ठेवा. सांडलेलं पाणी खाली जिरतं, पाय कोरडे राहतात. पाण्याची जागा खुराड्याच्या दारापासून जेवढी लांब, तेवढं आतलं काड कोरडं.

रात्री आत पाणी ठेवावं का, यावर पाळणाऱ्यांत एकमत नाही. मी ठेवत नाही. मावळतीआधी पोटभर खाऊ-पिऊ घालतो आणि मग खाद्य आणि पाणी दोन्ही बाहेरच राहतं. फक्त पाणी काढून खाद्य आत ठेवणं ही सगळ्यात वाईट तडजोड. मात्र आजारी बदकाला किंवा पिल्लांना रात्रभर पाणी लागतंच.

पोहण्याबद्दल उगाच धास्ती असते. बदकाला हिवाळ्यातही अंघोळ हवी, नाहीतर पिसांची देखभाल थांबते आणि उवा वाढतात. फक्त वेळ बघा. ऊन असेल, वारा नसेल अशा दिवशी दुपारी मोठा टब भरून द्या. बाहेर आल्यावर पिसं साफ करून, तेल लावून कोरडं व्हायला निदान दोन तास उजेड उरला पाहिजे. कडाक्याच्या दिवशी डोकं बुडवण्यापुरतं पाणी पुरे. तळं अर्धवट गोठलेलं असेल तर बदकांना तिथे जाऊच देऊ नका. बुडी मारलेलं बदक बर्फाच्या पापुद्र्याखाली सरकलं तर त्याला वर यायचं भोक सापडत नाही.

अंघोळीनंतर पाठीवर पाणी थेंबांनी घरंगळत नसेल आणि पिसं स्पंजासारखी भिजून चिकटत असतील, तर त्या बदकाला कोरड्या खोलीत घ्या. पिसांचा वॉटरप्रूफपणा गेलेला असतो आणि पाण्यात ठेवलं तर ते गारठून मरू शकतं. कारण बहुतेक वेळा मळलेलं अंथरूण, निकृष्ट आहार किंवा परजीवी असतात.

खाणं

थंडीत ऊब टिकवायला जास्त इंधन लागतं, त्यामुळे भूक वाढते. अंड्यावरच्या बदकांना साधारण १६ टक्के प्रथिनांचं लेयर खाद्य हाच पाया ठेवा आणि ते पोटभर मिळू द्या. भुकटीपेक्षा गोळी किंवा दाणेदार खाद्य बरं. भुकटी चोचीवर चिकटते आणि निम्मी पाण्यात जाते. संध्याकाळी बंद करायच्या आधी मूठभर भरडलेला मका द्यावा. तो रात्रभर हळूहळू पचतो. पण एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको, मक्यावर बदकं लठ्ठ होतात आणि लठ्ठ मादीची अंडी अडकतात. पाव तर नकोच.

कोंबडीचं खाद्य चालतं, एका अटीवर. बदकांची नायसिनची, म्हणजे बी३ जीवनसत्त्वाची, गरज कोंबड्यांपेक्षा जास्त असते. वाढत्या पिल्लांना दर किलो खाद्यात सुमारे ५५ मिलिग्रॅम धरतात. ते कमी पडलं की पाय वाकडे होतात, बदक लंगडतं. उन्हाळ्या-पावसाळ्यात किडे, गोगलगायी आणि हिरवा चारा ही भर घालतात. हिवाळ्यात जमीन रिकामी, म्हणून खाद्यावर ब्रुअर्स यीस्ट (नायसिन असलेली वाळलेल्या यीस्टची पूड) भुरभुरवा. कोबीचा गड्डा दोरीने बदकांच्या डोक्याच्या उंचीवर टांगला की हिरवंही मिळतं आणि कोंडून पडलेल्या बदकांना उद्योगही. वाटाणे पाण्याच्या टबात टाका, टब रिकामा होईपर्यंत गोंधळ चालतो. जमीन गोठली किंवा बर्फाखाली गेली की पोटात दाणे दळायला लागणारे बारीक खडे त्यांना मिळत नाहीत. ते वेगळ्या वाडग्यात ठेवा, शेजारी शिंपल्यांचा चुरा.

दमट झालेलं खाद्य कोंबड्यांना देऊन एक वेळ निभावेल, बदकांना नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीने एक लाखाहून जास्त टर्की मेल्या आणि त्यातून अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. त्या साथीत बदकांची पिल्लंही गेली होती. पुढे या विषाची चाचणी घ्यायला बदकाची पिल्लंच वापरत, इतकी ती त्याला नाजूक. खाद्य झाकणाच्या पिंपात ठेवा, पिंप जमिनीपासून उचललेलं असू द्या आणि तळाशी गठ्ठे जमले असतील तर ते फेकून पिंप पुसून कोरडं करा. नव्या पोत्यातलं खाद्य जुन्यावर ओतू नका.

अंडी

दिवस लहान झाले की अंडी कमी होतात. साधारण १४ तास उजेड मिळाला तर मादी जोमाने घालते. पहाटे बल्ब लावून तो भरून काढता येतो, दर आठवड्याला पंधरा-वीस मिनिटं वाढवत. संध्याकाळी बल्ब वाढवला तर तो एकदम विझल्यावर बदकं घाबरून एकमेकांवर पडतात. मी स्वतः लावत नाही, दोन महिने त्यांनाही सुट्टी. खाकी कॅम्पबेलसारख्या भरपूर अंडी देणाऱ्या जाती बल्बाशिवायही बऱ्यापैकी चालू राहतात. बदकं बहुधा पहाटे घालतात, तेव्हा गोठणाऱ्या दिवसांत सकाळी पहिलं काम अंडी उचलण्याचं. गोठलेलं अंडं तडकतं. तडकलेलं खाऊ नका.

पाय

हिवाळ्यात पायांची तपासणी आठवड्यातून एकदा, हातात उचलून. उचलताना पंख अंगाशी दाबून धडाला धरायचं, पायाला धरून कधीच नाही, बदकाचे पाय चटकन दुखावतात. तळवा पुसून बघा. गोठलेल्या खडबडीत मातीने तळव्याला ओरखडा पडतो, त्यात जंतू शिरतात, बहुधा स्टॅफिलोकॉकस, आणि मधोमध काळी खपली धरून तळवा सुजतो. लवकर दिसलं तर कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट घालून दहा-पंधरा मिनिटं शेक, जंतुनाशक आणि आठवडाभर मऊ कोरडं अंथरूण एवढ्यावर भागतं. सूज घट्ट आणि गरम असेल किंवा बदक पाय टेकवत नसेल तर स्वतः चिरू नका, पशुवैद्याकडे न्या.

पायाच्या पडद्याची कडा फिकट, ताठ आणि गार लागली तर हिमदंश. चोळायचं नाही. कोमट, सुमारे ३८ ते ४० अंशांच्या पाण्यात पाय बुडवून हळूहळू ऊब द्या, मग पूर्ण कोरडं करा आणि पुन्हा गोठू देऊ नका. काळा पडलेला भाग ओढून काढू नका.

बर्फ पडला की खुराड्यापासून पाण्यापर्यंत एक वाट मोकळी करा आणि तिच्यावर काड किंवा वाळू टाका. निसरड्यावर बदकाचे दोन पाय दोन दिशांना जातात आणि कुल्हा निखळतो. वाटेवर मीठ टाकायचं नाही, पाय सोलवटतात आणि बदकं ते खातातही. वाऱ्याच्या बाजूला काडाच्या गठड्या रचल्या की अंगणात बसायला आडोसा होतो.

हाताने बघायचं, डोळ्याने नाही

फुललेल्या पिसांआड हाडकुळं बदकही गोलमटोल दिसतं. मी पंधरवड्यातून एकदा रात्री डोक्याला टॉर्च बांधून खुराड्यात जातो आणि एकेकीच्या छातीच्या हाडावरून बोटं फिरवतो. हाड चाकूच्या धारेसारखं लागलं तर ती खातच नाहीये किंवा तिला दुसऱ्या खाऊ देत नाहीयेत. त्याच वेळी शेपटीखाली आणि पंखाखाली उवा बघून घ्यायच्या.

दिवसा लक्ष द्यायचं ते वागण्यावर. कळपापासून दूर बसलेली, पाण्याकडे न धावणारी, श्वासागणिक शेपटी वरखाली करणारी, डोळ्यांत फेस आलेली, शेपूट खाली करून कुंथणारी: अशीला त्याच दिवशी वेगळं करा. कुंथणाऱ्या मादीचं अंडं अडकलेलं असू शकतं. कोमट पाण्यात बसवून बघा, आणि काही तासांत सुटलं नाही तर डॉक्टर. वाट पाहण्यात बदक जातं.

हिवाळा म्हणजे स्थलांतरित रानबदकांचाही काळ, आणि त्यांच्याबरोबर बर्ड फ्लू येऊ शकतो. आजच्या एच५एन१ विषाणूचं मूळ १९९६ साली चीनच्या ग्वांगडोंगमधल्या एका हंसात सापडलं. बदकं हा विषाणू फारशी लक्षणं न दाखवताही बाळगू शकतात. म्हणून खाद्य छपराखाली ठेवा, रानपक्षी उतरतात त्या तळ्याचं पाणी भरू नका आणि खुराड्यासाठी बूट वेगळे ठेवा. बदकं अचानक मरायला लागली तर उघड्या हाताने उचलू नका, लगेच सरकारी पशुवैद्यकीय विभागाला कळवा.

नरांकडेही डोळा हवा. हिवाळा सरता सरता ते आक्रमक होतात आणि कोंडलेल्या जागेत माद्यांना पळायला वाव नसतो. मानेमागची पिसं उपटलेली दिसली की ऊबही तिथून जाते. एका नराला चार-पाच माद्या असं प्रमाण ठेवा, जास्तीचे नर वेगळे.

रात्र लांब, शिकारी भुकेले

कोंबड्या अंधार पडायच्या आधी आपापल्या घरी परततात. बदकांना तेवढी शिस्त नसते, त्यांना हाकत आणावं लागतं. हिवाळ्यात अंधार लवकर होतो, हे लक्षात ठेवून घड्याळाचा गजर लावा. कोंबड्यांच्या जाळीतून कोंबड्या बाहेर जात नाहीत एवढंच, कोल्ह्याला ती फाडता येते. अर्धा इंची वेल्डमेश वापरा आणि ती जमिनीत वीतभर गाडा, म्हणजे घूस-उंदीरही आत येत नाहीत. दाराला कोल्हा किंवा मांजर पंजाने उघडू शकणार नाही अशी कडी हवी. डागडुजी झाली की खाली पडलेले खिळे, तारेचे तुकडे, स्टेपल मोजून उचला. चकाकणारी वस्तू बदक गिळतं आणि तिच्यावरच्या जस्ताच्या मुलाम्याने विषबाधा होऊन आठवड्याभरात मान टाकतं.

थंडी सरल्यावर पहिल्याच उबदार दिवशी सगळा थर उपसण्याची घाई करू नका. रात्री गोठणं थांबल्यावर, कोरड्या दिवशी, बदकं बाहेर असताना तो काढा. खालचा भाग काळा आणि मऊ झालेला असतो, त्याला निदान काही महिने खताच्या ढिगात कुजू द्या आणि मगच वाफ्यात घाला. उपसताना नाकाला मास्क लावा. त्यातली बुरशी बदकांच्या छातीत जाते तशीच आपल्याही जाते.